दोन एसओपी

भांडणाची सुरुवात एकमताने झाली.

"पोरीला एसओपी नीट जमली की निम्मं काम झालं," माझा धाकटा भाऊ म्हणाला. "मी तरी महिनाभर दुसरं काय सांगतेय?" बायको म्हणाली. दोघांनी आपापल्या पोह्यांवर लिंबू पिळलं. रविवार शांततेत जाणार असं मला वाटलं. पाच मिनिटांनी उलगडा झाला. भावाची एसओपी म्हणजे स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर : कारखान्यात बाटली कशी धुवायची इथपासून बॅच कशी नाकारायची इथपर्यंत पायरीपायरीने लिहिलेला कागद. बायकोची एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज : पीएचडीच्या अर्जाला जोडायचं दोन पानी निवेदन. मला काय शोधायचंय, का शोधायचंय, आणि तुमच्याकडेच का. पहिल्या एसओपीत 'मी' आला तर कागद रद्द होतो. दुसरीत 'मी' आला नाही तर अर्ज.

पात्रपरिचय थोडक्यात. बायको पुण्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली. पीएचडीच्या मुलाखतींना बाहेरची परीक्षक म्हणून बरीच वर्षं जात होती. भाऊ एमएस्सी करून पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या औषध कंपन्यांत राहिला, आधी फर्मेंटेशनला, मग क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत. मी बँकेतला, त्यामुळे या विषयात मला मत नाही असं दोघांनी ठरवून टाकलेलं आहे. आणि लेक एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. येत्या डिसेंबरात तिला परदेशी पीएचडीचे अर्ज भरायचे आहेत. शेवटच्या सेमिस्टरचा प्रकल्प कुठे करायचा यासाठी तिच्यापुढे दोन दारं उघडी आहेत. एक, लस बनवणाऱ्या कंपनीच्या क्यूसी विभागात सहा महिने, दरमहा स्टायपेंडसकट. दुसरं, सरकारी संशोधन संस्थेतल्या एका लॅबमध्ये तेवढेच महिने, फुकट. एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटची ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आल्यापासून या पोरांच्या तोंडी "तुला कुठे मिळाली?" याखेरीज दुसरा प्रश्न नसतो, त्यामुळे घरात ही चर्चा नवी नव्हती. तिची आई आणि तिचा काका समोरासमोर बसलेत, एवढंच नवीन होतं.

आई : भावजी, तुम्ही निवड समितीत कधी बसला नाहीत म्हणून सांगते. मुलगा मुलाखतीला येतो. बायोडेटात सहा महिने कंपनी. काय केलंस? एचपीएलसी चालवलं. कशासाठी? शुद्धता मोजायला. कमी आली असती तर? सुपरवायझरला सांगितलं असतं. मुलाखत तिथेच संपते. पुढची पंधरा मिनिटं आम्ही बोलतो ती सभ्यता म्हणून.

काका : पण वहिनी, उत्तर बरोबर आहे त्याचं! नमुना नापास झाला आणि ट्रेनीने स्वतःच्या डोक्याने पुन्हा चालवून पास करून घेतला, तर आमच्याकडे त्याला जेवणाच्या सुट्टीआधी घरी पाठवतील. पास होईपर्यंत तपासत राहायचं, याच्याइतकं मोठं पाप आमच्या धंद्यात नाही.

आई : तुमच्या धंद्यात पाप, मान्य. पण नापास का झाला, हे कोण शोधतं?

काका : तपास बसतो. डेव्हिएशन उघडतात. कॉलम जुना होता का, बफर कोणी केला, तापमान किती होतं, सगळं धुंडाळतात.

आई : त्या तपासात ट्रेनीला बसवतात?

काका : ...क्वचित.

आई : झालं तर. ज्या खोलीत विचार चालतो तिथे तिला खुर्ची नाही. ती दिवसाला तीस नमुने लावणार आणि सही करणार.

काका : आणि तुमच्या लॅबमध्ये उन्हाळ्यात पोरं येतात ती काय करतात? सांगा ना. पहिला आठवडा पिपेट धरायला शिकण्यात. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या पीएचडीवाल्याच्या गळ्यात बांधतात. त्याचा स्वतःचा प्रबंध बोंबललेला असतो, तो हिला प्लेटा ओतायला बसवतो. दोन महिन्यांनी 'सक्रिय सहभाग घेतला' असा कागद. तिला तरी कुठे खुर्ची आहे?

बायको हसली. तिच्या हसण्याचा अर्थ मला तीस वर्षांत कळलाय : मुद्दा मान्य आहे, पण नोंद घ्यायची नाही.

आई : खुर्ची नसली तरी भिंत पातळ असते. शुक्रवारी लॅब मीटिंग असते. तिथे गाइड कोणाला तरी सर्वांसमोर विचारतो, तुझा कंट्रोल कुठाय? ती मागच्या बाकावर बसून ऐकते. जर्नल क्लबमध्ये छापून आलेल्या पेपरची सालं काढताना बघते. छापलेलं चूक असू शकतं, हे तिला पहिल्यांदा तिथे कळतं.

काका : अहो, छापलेलं चूक असतं हे जगाला सांगितलं कोणी? २०१२ साली 'नेचर'मध्ये बेगली आणि एलिस यांनी लिहिलं. बेगली ॲमजेन कंपनीत होता. कर्करोगावरचे ५३ गाजलेले पेपर त्यांनी पुन्हा करून पाहिले. जुळले किती? सहा. आदल्या वर्षी बायरच्या लोकांनी आपल्या ६७ प्रकल्पांचा हिशेब मांडला होता, त्यातही पूर्ण जुळलेले वीस-पंचवीस टक्केच. पोरीला शंका घ्यायला शिकवायचंय ना? मग शंका जिथे पैशांत मोजतात तिथे पाठवा. तुमचा पेपर चुकला तर दुसरा पेपर निघतो. आमची बॅच चुकली तर रस्त्यावर माणसं असतात.

आई : ते ५३ पेपर कोणते, सांगा.

काका : ते जाहीर केलं नाही त्यांनी.

आई : का बरं?

काका : मूळ लेखकांपैकी काहींशी गोपनीयतेचे करार झाले होते...

आई : म्हणजे पुन्हा करून पाहता येत नाही म्हणून ओरडायचं, आणि तो ओरडाही कोणी तपासायचा नाही! आता माझा खरा मुद्दा ऐका. तिच्याकडूनही तुम्ही पहिल्या दिवशी असाच कागद सही करून घेणार. मग डिसेंबरात ती निवेदनात काय लिहिणार? 'मी एका प्रथिनावर काम केलं, त्याचं नाव सांगता येत नाही. एक अडचण आली, कोणती ते सांगता येत नाही. ती सोडवली, कशी ते विचारू नका.'

इथे भाऊ थोडा वेळ चहा ढवळत बसला. त्याच्या चहात साखर नसते.

काका : लिहिता येतं. नाव टाळून विचार लिहिता येतो. रेणूचं नाव नको, लक्ष्य नको, आकडे नकोत. पण 'दोन पद्धतींनी मोजलेला एकच गुणधर्म वेगवेगळा आला तेव्हा कोणत्या पद्धतीवर विश्वास ठेवायचा हे मी असं ठरवलं' हे वाक्य कोणत्याही करारात अडकत नाही. लिहून झालं की साहेबाला दाखवायचं, मेलवर होकार घ्यायचा. अवघड नाही हो ते. पोरं दाखवतच नाहीत, कारण दाखवण्यासारखं त्यांनी काही लिहिलेलंच नसतं. कंपनीचं नाव ठळक अक्षरात टाकलं की त्यांचं निवेदन संपतं.

आई : अगदी! कंपनीचं नाव म्हणजे देवस्थानच्या अंगाऱ्यासारखं लावतात. मागे एका मुलीच्या अर्जात 'ॲमजेन स्कॉलर्स' असं होतं. माझ्या शेजारचे सर म्हणाले, ही इंडस्ट्रीवाली दिसते. मी म्हटलं, सर, पैसा ॲमजेनच्या फाउंडेशनचा, पण ती पोरं उन्हाळाभर विद्यापीठांच्या नाहीतर संशोधन संस्थांच्या लॅबमध्येच काम करतात. म्हणजे नावावरून फसायला समित्याही तयारच असतात.

मला हा संवाद अर्धा कळत होता. पण एक गोष्ट बँकेतल्या माणसालाही दिसत होती : आतापर्यंत दोघं जागेवरून भांडत होते, कंपनी की लॅब, आणि दोघांचीही उदाहरणं माणसांची निघत होती. सुपरवायझर खुर्ची देतो की नाही. गाइड विचारतो की नाही. ही गाडी पत्रांच्या स्टेशनवर येऊन थांबणार हे उघड होतं, आणि तशी ती थांबली.

आई : आता शिफारसपत्र. परदेशी अर्जाला साधारण तीन लागतात. अमेरिकेतल्या अनेक जीवशास्त्र विभागांनी गेल्या काही वर्षांत जीआरई परीक्षेची अट काढून टाकली, म्हणजे उरलेल्या कागदांचं वजन आणखी वाढलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिलच्या लोकांनी २०१७ साली 'प्लॉस वन'मध्ये आपल्याच २८० विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. प्रवेशाच्या वेळचे कोणते कागद पुढे खरे ठरले? जीआरईचे गुण नाहीत. ग्रेड नाहीत. प्राध्यापकांनी मुलाखतीत दिलेले गुणही नाहीत! ज्यांचा पुढच्या कामगिरीशी घट्ट संबंध दिसला ती फक्त पत्रं. सोबत काम केलेल्या माणसाने काय लिहिलंय ते.

काका : आणि आधी केलेलं संशोधन? किती महिने लॅबमध्ये होता वगैरे?

आई : (जरा थांबून) त्याचाही संबंध दिसला नाही.

काका : काय म्हणालात?

आई : ऐकू आलंय तुम्हाला. पण नीट समजून घ्या. ते सगळे आधीच निवडून आत आलेले विद्यार्थी होते. संशोधनाचा गंधच नसलेला कोणी त्यात नव्हता. उंबरठा ओलांडल्यावर दोन महिने जास्त की चार महिने जास्त, याने फरक पडत नाही एवढंच त्यातून निघतं. उंबरठाच नको असं निघत नाही.

काका : तरी माझं अर्धं काम तुमच्या पेपरने केलं. महिने मोजू नका, माणूस बघा.

आई : बघते. मग सांगा, तुमच्या कंपन्यांतून पत्रं कशी येतात?

यावर भाऊ जे बोलला ते त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी लिहितोय हे त्याला माहीत आहे. कंपनीचं नाव नको, एवढंच तो म्हणाला.

काका : बऱ्याच ठिकाणी एचआरचा ठरलेला कागद असतो. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, या पदावर काम केलं. त्यापुढे एक शब्द नाही. शब्द दिला की जबाबदारी आली. पण मी एकदा स्वतःच्या नावाने पत्र दिलं होतं. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. ट्रेनी मुलगी होती. आमच्या फर्मेंटरमध्ये एका ठरावीक पाळीतच फेस जास्त यायचा. आम्ही अँटिफोम वाढवत बसलो होतो. तिने चार आठवड्यांची बॅच रेकॉर्डं काढली, एका वहीत तक्ता केला आणि म्हणाली, सर, त्या पाळीला माध्यमाची पोती वेगळ्या गोदामातून येतात. बरोबर होती ती. नंतर तिने पत्र मागितलं, बाहेर पीएचडीला अर्ज करायचा म्हणून. मी काय लिहिलं माहितेय? 'ही मुलगी मेहनती, वक्तशीर आणि नम्र आहे. वरिष्ठांच्या सूचना तंतोतंत पाळते.' मला खरंच वाटलं, मी तिची स्तुती केली.

आई : अहो, भावजी...

काका : पोत्यांचा विषय मला सुचलाच नाही. मी वाढलो त्या ठिकाणी 'सूचना तंतोतंत पाळते' हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

आई : आमच्या टेबलावर ते वाक्य वाचलं की पुढचा कागद उलटतो. 'वक्तशीर' म्हणजे सांगण्यासारखं काही सापडलं नाही, असा अर्थ लावतात.

काका : तिचं पुढे काय झालं ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. बायकोने त्याच्या बशीत आणखी चमचाभर पोहे घातले, त्याने नको म्हटलं नाही. या घरात क्षमेची हीच पद्धत आहे.

मला या जागी वाचकांना थोडं थांबवावंसं वाटतं. इंटर्नशिपने प्रवेशाची संधी वाढते की घटते, असा प्रश्न पालक विचारतात तेव्हा ती व्हिटॅमिनची गोळी असल्यासारखं विचारतात. भावाच्या त्या ट्रेनीने कंपनीत राहून नेमकं तेच केलं होतं, जे निवड समितीला हवं असतं : इतरांनी गृहीत धरलेल्या गोष्टीत तिला प्रश्न दिसला, पुरावा गोळा केला, कारण सापडलं. तिच्या अनुभवात काही कमी नव्हतं. कमी होतं ते तिच्या कामाचं निवड समितीच्या भाषेत भाषांतर करणारं माणूस. कॉलेजातल्या गाइडला ती भाषा येते, कारण तोही तिच्यातूनच गेलेला असतो. कंपनीतल्या साहेबाला ती शिकवावी लागते. आणि हे शिकवायचं काम बावीस वर्षांच्या मुलीचं आहे, हे तिला कोणी सांगत नाही. पत्र मागताना सोबत एक पान द्यावं : मी हे पाहिलं, असं केलं, तुम्हाला आठवत असेल तर याबद्दल लिहा. आमच्या बँकेत कर्जाच्या अर्जाला लोक जोडपत्रं जोडतात, त्यात कोणाला लाज वाटत नाही.

काका : वहिनी, गर्ट्रूड एलियन आठवते?

आई : विसरेन कशी. मी शिकवलंय तिचं औषध. सिक्स-मर्कॅप्टोप्युरीन.

काका : ॲलोप्युरिनॉल, असायक्लोव्हिरसुद्धा. १९८८चं नोबेल. तिची सुरुवातीची एक नोकरी कसली होती? किराणा साखळीसाठी माल तपासायची. लोणच्याचा आंबटपणा मोजायचा, मेयोनेझमध्ये जाणाऱ्या बलकाचा रंग बघायचा. क्यूसी! शुद्ध क्यूसी. पुढे १९४४ साली ती बरोज वेलकम कंपनीत गेली. रात्री पीएचडीसाठी ब्रुकलिनला जायची. तिथल्या डीनने सांगितलं, नोकरी सोड, पूर्णवेळ ये, नाहीतर पीएचडी विसर. तिने पीएचडी विसरली. नोबेल विसरलं नाही तिला.

आई : तुम्ही ही गोष्ट सांगताना एक पान गाळता. लोणच्याची नोकरी तिने का सोडली? शिकण्यासारखं संपलं म्हणून. आणि बरोज वेलकममध्ये तिला साहेब कोण मिळाला? हिचिंग्ज. त्याने तिला रसायनातून जीवरसायनात, तिथून औषधशास्त्रात, विषाणूंत, जिथे प्रश्न जाईल तिथे जाऊ दिलं. कंपनीने एलियन घडवली असं म्हणू नका. एका साहेबाने तिला अडवलं नाही, असं म्हणा. आणि एक सांगू? तिला पीएचडी मिळाली नाही ही काही तुमच्या बाजूची गोष्ट नव्हे. युद्धाआधीच्या अमेरिकेत बहुतेक प्रयोगशाळा बाईला घ्यायला तयार नव्हत्या. अपवाद दाखवून पोरीला पाठवायचं नसतं.

काका : अपवाद कशाला? आपल्याच गावात बघा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पेनिसिलिनसाठी उभी राहिली. बुरशीवरचं औषध हॅमायसिन त्याच आवारात सापडलं, थिरुमलाचार यांच्या गटाला. परळला हाफकिनमध्ये संशोधन आणि लसनिर्मिती किती वर्षं एका छपराखाली चालली, १९७५ साली ती वेगळी केली. तोपर्यंत लस बनवणारा आणि जंतू शोधणारा एकाच कँटीनला चहा प्यायचे. भिंत तुम्ही-आम्ही नंतर बांधली.

हे बायकोला मान्य होतं, कारण परळच्या कँटीनचा चहा तिनेही प्यायलेला आहे. पण तिने विषय देशांवर नेला. तो भाग मी थोडक्यात सांगतो. भारतात राहायचं असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेटच्या प्रश्नपत्रिकेला तुम्ही कंपनीत होता की लॅबमध्ये याचं सोयरसुतक नाही. जेआरएफ ही फेलोशिप मिळाली की २०२३च्या जानेवारीपासून महिना ३७ हजार, आणि खरा कस मुलाखतीत. टीआयएफआर आणि इतर संस्थांच्या प्रवेशपरीक्षेतही तसंच : चाळणी परीक्षेची, निवड बोलण्यावर. जर्मनीत बऱ्याच जागा नोकरीसारख्या जाहिरात देऊन भरतात, तिथे एखादं तंत्र हाताखालून गेलेला माणूस गाइडला सोयीचा वाटतो. अमेरिकेत सगळी फाइल एकत्र वाचतात. ब्रिटनमध्ये बीबीएसआरसी या जीवशास्त्राला निधी देणाऱ्या संस्थेच्या पैशांवर पीएचडी करणाऱ्या अनेकांना मधेच तीन महिने बाहेर काम करायला धाडतात, हे भावाने विजयी मुद्रेने सांगितलं. त्यावर बायको म्हणाली, "हो, पण आपल्या संशोधनाशी थेट संबंध नसलेल्या ठिकाणी. म्हणजे विद्यार्थ्याने जग बघावं म्हणून. प्रवेशाची किल्ली म्हणून नव्हे." गुण बरोबरीत.

मग मी तोंड उघडलं. मला मत नसतं, पण हिशेब येतो.

मी म्हटलं, तुम्ही दोघं ज्या मुलीबद्दल बोलताय तिचं घर पुण्यात आहे. सहा महिने फुकट काम केलं तरी तिला दोन वेळचं जेवण आहे, आईची स्कूटर आहे. तिच्याच वर्गातला, कॉट बेसिसवर राहणारा, मेसचं बिल गावाकडच्या सोयाबीनवर भरणारा मुलगा कोणतं दार निवडेल? निवडेल कसलं, त्याला दार एकच. वर आता 'इंटर्नशिप' नावाची तिसरीच दुकानं निघालीत. तिथे काम करणाराच पैसे मोजतो, पंधरा दिवसांत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यांचे फलक मी कर्वे रस्त्यावर रोज वाचतो.

आई : ती प्रमाणपत्रं आम्ही बघतही नाही. पण तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे एक आहे, पण ते धोरण नव्हे. माझा एक विद्यार्थी होता. रात्रपाळी एका प्लांटमध्ये, सकाळी आठला प्रॅक्टिकल. त्याच्याकडे ना उन्हाळी फेलोशिप, ना लॅबचा अनुभव. मी पत्रात तो कसा काम करतो ते लिहिलंच, पण त्याच्या दिवसाचे चोवीस तासही मांडले. किती तास कुठे. दया येईल असा एक शब्द लिहिला नाही. समितीला समजायला हवं होतं की याचा अनुभव कमी नाही, वेगळ्या ठिकाणी पडून आहे. बंगळूरला पीएचडी करतोय आता.

काका : त्याची प्रयोगवही बघितलीत कधी?

आई : का?

काका : आमच्यातून गेलेल्याची वही ओळखू येते. खाडाखोड नाही. चुकलं तर एक रेघ, बाजूला सही, तारीख. पांढरी शाई नाही, पान फाडणं नाही. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.

आई : (हळू आवाजात) हो. त्याची वही तशी होती. मी इतर पोरांना दाखवायचे.

मला वाटलं, आता तह होणार. पण बायको तहाच्या वेळी नवी आघाडी उघडते.

आई : आता एक गोष्ट तुम्हाला न आवडणारी. समितीत कोणी तरी असतंच, जो कंपनी बघून म्हणतो, हिला नोकरीच करायची आहे, दोन वर्षांनी सोडून जाईल. उघड म्हणत नाही, पण म्हणतो.

काका : आणि तुम्ही?

आई : मी आधी तसंच म्हणायचे. नंतर बदलले. कॉलेजातून थेट आलेल्या मुलाला विचारा, पीएचडी का? लहानपणापासून विज्ञानाची आवड. दहातले आठ हेच सांगतात. कंपनीतून आलेली एखादी मात्र म्हणते, तिथे मला एक गोष्ट कळेना, ती कळून घ्यायचा वेळ तिथे नव्हता, म्हणून आले. एवढं बोलली की मी पेन खाली ठेवते. पण हे म्हणणारी विरळा, भावजी. सहा महिन्यांत पहिला महिना तुमच्या एसओपी वाचून सह्या करण्यात आणि गाऊन घालायला शिकण्यात जातो.

काका : दीड महिना. खरं सांगायचं तर दीड.

एवढ्यात लेक केस पुसत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्या फ्लॅटमध्ये ऐकू न येण्याची सोय नाही.

"मी शुक्रवारीच दोन्हीकडे मेल केलाय," ती म्हणाली. "एकच प्रश्न विचारला. मला एखादा निकाल चुकीचा वाटला, तर त्याच्या मागे जायला वेळ मिळेल का, आणि तेव्हा बोलायचं कोणाशी."

"मग?" दोघं एकदम.

"इन्स्टिट्यूटमधून आपोआप उत्तर आलं, मॅडम परिषदेला गेल्यात. कंपनीच्या सरांचा काल संध्याकाळी फोन आला. चाळीस मिनिटं बोलत होते. म्हणाले, रोजचे नमुने लावावेच लागतील, पण त्यांच्या डोक्यात एक किडा आहे. औषधात एंडोटॉक्सिन, म्हणजे बाबा, जिवाणूंचं विष, मुद्दाम मिसळायचं आणि चाचणीत ते सापडतं का बघायचं. पहिल्या दिवशी सापडतं. दोन दिवसांनी त्याच बाटलीत सापडत नाही."

"हे छापून आलेलं आहे, गुपित नव्हे," भावाने घाईने सांगितलं. "पॉलिसॉर्बेट आणि सायट्रेट असलेल्या बफरमध्ये होतं असं."

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "सापडत नाही म्हणजे? नष्ट होतं, की तिथेच असून चाचणीला दिसत नाही?"

"तेच तर," लेक म्हणाली.

"नुसत्या पाण्यात मिसळून ठेवलं तर?"

"पाण्यात दिसतं."

"मग बाटलीच्या काचेला चिकटत नाहीये. बफरच काही तरी करतोय. थंडीत ठेवून पाहिलं? चार अंशांना?" बायको खुर्ची पुढे ओढून बसली. "आणि दोनच दिवस का? तासातासाने कोणी काढून बघितलंय का? भावजी, तुमच्याकडे जुना डेटा असेल ना?"

भाऊ चष्मा शोधू लागला. लेक वही आणायला आत गेली. पोह्यांच्या बश्या मीच उचलल्या.